सात वाजताची एक रिंग

व्हॉट्सअ‍ॅपवर एक गोष्ट फिरते, तुम्हालाही आली असेल. एक म्हातारे गृहस्थ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जातात आणि म्हणतात, बघा बरं, यात काय बिघडलंय. दुकानदार उलटसुलट करून बघतो आणि सांगतो, आजोबा, काहीच बिघडलेलं नाही. मग आजोबा डोळे पुसत विचारतात की मग माझ्या मुलांचे फोन का येत नाहीत? खाली जोडलेले दोन हात आणि एक रडका चेहरा. ‘तुम्ही या धंद्यातल्या, म्हणून खास तुमच्यासाठी’ असं लिहून ही गोष्ट मला इतक्या जणांनी पाठवली की आता नुसतं ‘एक म्हातारे गृहस्थ’ दिसलं तरी मी ती पुसून टाकते.

इतकी वर्षं नाशकात सातपूरला मोबाइल दुरुस्त केले, असा एकही माणूस माझ्या काउंटरवर आला नाही. ज्याला फोन येत नाहीत, त्याला ते पक्कं ठाऊक असतं. तो दुकानात येऊन रडत नाही. तो येतो आणि स्क्रीनवरची काच बदलून मागतो, असलेली चांगली असली तरी. काच बसेपर्यंत स्टुलावर टेकतो, पावसापाण्याचं बोलतो, आणि काच बसली की उठून जातो. मीही अशा वेळी काच जरा सावकाशच बसवायचे. खोटं कशाला सांगू, त्यात माझाही स्वार्थ होता.

मी मुळात कंपनीतली बाई. सातपूरच्या वसाहतीत सर्किट बोर्डावर सोल्डरिंग करायचे. आम्ही बायका रांगेत बसायचो, मान खाली, हात कामात आणि तोंडं मोकळी. कंपनीला टाळं लागलं तेव्हा बऱ्याच जणींनी पोळीभाजीचे डबे सुरू केले. मला स्वयंपाकाचा पहिल्यापासून कंटाळा. मग मोबाइल दुरुस्तीचा कोर्स केला आणि मेन रोडवर एक लहानसा गाळा भाड्याने घेतला. बाई मोबाइल उघडते हे बघायला सुरुवातीला लोक नुसतेच येऊन उभे राहायचे. एकाने विचारलं, भाऊ कधी येतील? म्हटलं, भाऊ जळगावला असतो, तुमचा फोन मी बघते.

लग्न केलं नाही. करायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, राहून गेलं. आई होती तोवर ‘जेवलीस का’ असं विचारणारं घरात कोणीतरी होतं. ती गेल्यावर गाळा हेच घर झालं, राहत्या घरी फक्त झोपायला जायचे. गिऱ्हाइकं आधी ताई म्हणायची, मग मावशी झाले, शेवटी शेवटी कॉलेजची पोरं आजी म्हणायला लागली. तेव्हा म्हटलं, आता आवरतं घ्यावं. गेल्या वर्षी गाळा सोडला.

या धंद्यात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न दुरुस्तीचा नसतोच. तो असा असतो: ‘ताई, फोन चांगला चालतोय, पण नवीन घेऊ का?’ मी नवे फोन विकत नसे, म्हणून लोक माझ्याकडे यायचे. विकणाऱ्याला विचारलं तर तो काय सांगणार? आणि घरच्यांना विचारलं तर भांडण.

बाहेरच्यांना वाटतं, फोन जुना झाला की मरतो. तसं नसतं. त्याचा एकेक भाग कुरकुरायला लागतो. बॅटरी फुगते आणि मागचं झाकण उचलून येतं, चार्जरची पिन ढिली होते, समोरच्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. हे सगळं बदलता येतं, माल मिळाला तर. बदलता येत नाही ती एकच गोष्ट. कंपनी एक दिवस त्या मॉडेलकडे पाठ फिरवते आणि आतल्या सॉफ्टवेअरची डागडुजी थांबते. वरून फोन ठणठणीत, पण बँकेचं अ‍ॅप म्हणतं, या फोनवर मी चालणार नाही. तिथे माझी सोल्डरिंगची गन काय करणार?

म्हणून माझी एक पद्धत होती. कोणी ‘नवीन घेऊ का’ म्हटलं की मी फोन हातात घ्यायच्या आधी विचारायचे, यावर तुम्ही करता काय? उत्तरं एकेक ऐकण्यासारखी असत. लासलगावचे एक कांदा व्यापारी दरवर्षी नवा फोन घ्यायचे आणि जुना बंद पडलेलाही खिशात ठेवायचे. त्याच्या चार्जिंगच्या भोकात कांद्याची सालं बसलेली. म्हटलं, शेठ, हा मेलेला का बाळगता? तर म्हणाले, लिलावात हा कानाला लावून उभा राहतो, म्हणजे कोणी मधे बोलायला येत नाही. गंगापूर रोडची एक मुलगी चांगला फोन घेऊन आली आणि हळूच म्हणाली, मावशी, बाबांना सांगा ना, हा रिपेअर होत नाही म्हणून. म्हटलं, बाळा, खोटं बोलायचे मी वेगळे घेते, तुला परवडायचे नाहीत.

निकमभाऊ यातल्या कशातच बसत नव्हते. सातपूरच्याच एका इंजिनीअरिंग कंपनीत लेथ मशीनवर उभा जन्म काढलेला माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी वर्षा लग्न होऊन पुण्याला, हे अशोकनगरात दोन खोल्यांत एकटे. यायचे, स्टुलावर बसायचे, फोन काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, “ताई, चालतोय तर चांगला. पण नवीन घेऊ का?” मी म्हणायचे, चालतोय तोवर चालवा. मग ते समाधानाने फोन खिशात टाकायचे. हा आमचा रामराम होता म्हणा ना. नवीन फोन घ्यायचा त्यांचा इरादा नव्हता हे मला कळत होतं, आणि मला ते कळतंय हे त्यांना. पण तेवढ्या निमित्ताने अर्धा तास जायचा.

यावर करता काय, असं त्यांनाही एकदा विचारलं होतं. म्हणाले, काही नाही, वर्षाचा रविवारी येतो. आणि सकाळी एक येतो. मला वाटलं, दूधवाला असेल.

पुढे एकदा त्यांच्या फोनचा रिंगर गेला. रिंगर म्हणजे ज्यातून घंटी वाजते तो स्पीकर. याच माणसाने बॅटरी फुगून झाकण उचललं तरी रबरबँड लावून फोन वापरला होता. पण रिंगर गेला त्या दिवशी मी शटर उघडायच्या आधी दारात उभे. म्हटलं, भाऊ, माल मागवायला लागेल, उद्या संध्याकाळी या. तर चेहरा उतरला. म्हणाले, उद्या सकाळच्या आत नाही का होणार? म्हटलं, सकाळी काय एवढं? तुम्हाला काय दूधवाला फोन करून उठवतो?

तेव्हा त्यांनी मला पगार सांगितला. पगार हे आडनाव आहे बरं का. बागलाणाकडे आहे हे आडनाव, आणि कंपनीत त्याच्यावरून व्हायच्या त्या सगळ्या थट्टा झालेल्या होत्या. हा पगार नामपूरचा. निकम आणि पगार एकाच मशीनवर, पण एकत्र कधीच नाहीत. पगारची शिफ्ट सुटली की निकमची लागायची. आठवड्याला शिफ्ट फिरायच्या, पण क्रम तोच. पगार हात पुसत बाजूला व्हायचा, निकम उभा राहायचा. त्यात एक रीत होती. मशीन ज्याच्या ताब्यात, त्याने आधी बोलायचं. पगार म्हणायचा, “चालू आहे.” निकम मशीनवर हात ठेवून म्हणायचे, “चालू आहे.” की झालं. काही बिघाड असेल तर तेवढा सांगायचा, नाहीतर एवढंच. दोन माणसं जवळजवळ सगळी नोकरी एवढ्या बोलण्यावर काढतात. एकमेकांच्या घरी गेली नाहीत, बायकामुलं बघितली नाहीत. एकजण जागा तेव्हा दुसरा झोपलेला.

पगार आधी निवृत्त झाला आणि गावी गेला. जाताना नंबर देऊन-घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, म्हणजे रात्रपाळी सुटून पहिली पाळी लागते त्या वेळेला, निकमभाऊंचा फोन एकदा वाजला आणि बंद झाला. एकच रिंग. निकमभाऊ म्हणाले, मला लगेच कळलं काय ते. त्यांनी उलटी एक रिंग दिली. तेव्हापासून रोज. तिकडून एक रिंग, इकडून एक. मिस कॉलची सवय आपल्याकडे सगळ्यांना होती, कॉलचे पैसे लागायचे ना तेव्हा. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे घ्यायला या. पुढे बोलणं फुकट झालं आणि लोक मिस कॉल विसरले. या दोघांनी नाही सोडला. मी विचारलं, अहो, मग बोलत का नाही कधी? तर माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं. म्हणाले, बोलतोच की रोज.

दुसऱ्या एका फोनमधला रिंगर काढून तो मी त्याच दिवशी बसवून दिला. त्या रात्री घरी जाऊन पडले आणि त्या पगारचा मला हेवा वाटला. निकमभाऊंचा नाही, पगारचा. आपली रिंग ऐकू यावी म्हणून कोणीतरी दुकानाच्या दारात उभं राहावं, एवढं मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं.

मग ते व्हायचं ते झालं. बँकेचं अ‍ॅप एके दिवशी अडून बसलं. पेन्शन बघायची, लाइट बिल भरायचं, सगळं त्या अ‍ॅपवर वर्षाने शिकवून ठेवलेलं. त्यातच कोणीतरी भामट्याने बँकेतून बोलतोय म्हणून फोन केला आणि निकमभाऊ नंबर सांगता सांगता थोडक्यात वाचले. वर्षाने मला फोन केला. चांगली मुलगी, आवाजात काळजी होती. म्हणाली, मावशी, तुम्ही नको म्हणता म्हणून बाबा फोन बदलत नाहीत. मी फोन परत तपासला. सॉफ्टवेअर केव्हाच सोडून दिलेलं, बॅटरीचा माल बाजारात मिळेना, आणि भामटे तर रोज नवे. त्यांच्यासमोर ठेवून म्हटलं, भाऊ, आता घ्या. मोबाइलवाली म्हणून सल्ला बरोबरच होता, आजही तोच देईन. पण ते एवढंच म्हणाले, “चालतोय तर हा.” आणि मला पहिल्यांदाच वाटलं की नेहमीचा तो प्रश्न त्यांनी या वेळी खरोखर विचारला.

वर्षा नवा फोन घेऊन आली. जुन्यातलं सगळं मी नव्यात घालून दिलं, फोटो, नंबर, सिम. जुना त्यांनी काउंटरवर माझ्याकडे सरकवला, राहू द्या म्हणाले. नवा हातात धरून असे बसले, जसा सोयऱ्याच्या घरी माणूस खुर्चीच्या कडेवर बसतो. वर्षाला दोन दिवसांनी जायचं होतं. म्हटलं, नव्याचे नऊ दिवस, मग सवय होईल.

त्यानंतर बरेच दिवस ते आलेच नाहीत. मला वाटलं, रमले नव्या फोनमध्ये. खरं सांगते, थोडा रागही आला. फोन नवा घेतला, तर आमच्याकडे यायचं कारणच संपलं म्हणजे. मग एका दुपारी आले. स्टुलावर न बसता उभेच. दाढी वाढलेली. म्हणाले, “जुना आहे ना तुमच्याकडे? चालू होईल का?”

म्हटलं, नव्याला काय धाड भरली? तर काही नाही, चांगला आहे, म्हणाले. मग काउंटरच्या काचेवरून बोट फिरवत सांगितलं, पगारची रिंग येत नाही. वर्षा गेली त्या दिवसापासून येत नाही.

म्हटलं, मग तुम्ही करून बघायचा ना. नाही, म्हणाले, त्याने आधी द्यायची असते, मशीन त्याच्या ताब्यात. मला संताप आला. कसलं मशीन आणि कसला ताबा! सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते हेच. अहो, माणूस आजारी असेल, फोन पाण्यात पडला असेल, शंभर कारणं असतात, एक फोन करून विचारायला काय होतं?

“आणि उचलणारा दुसराच कोणी निघाला तर?” ते म्हणाले.

त्यांना रिंग येत नाही याचं दुःख नव्हतं, ती का येत नाही हे कोणी सांगेल याची भीती होती. आणि जुन्या फोनमध्ये सिम घातलं तर रिंग परत येईल, एवढ्या आशेवर ते माझ्याकडे आले होते. पंचाहत्तरीच्या आतबाहेरचा माणूस, आयुष्यभर मशीनवर काम केलेला, त्यालाही हे खरं वाटत नसणारच. पण माणूस काय करील?

नवा फोन मागून घेतला. वर जाहिरातींचा, ऑफरचा, सणाच्या शुभेच्छांचा ढीग साचलेला. त्यांनी त्याला हातच लावला नव्हता, बँकेचं अ‍ॅप सोडलं तर फोन म्हणजे वाजला की उचलायचा एवढंच त्यांना माहीत. मी आलेल्या कॉलची यादी उघडली. वर्षाचे रविवारचे कॉल सोडले तर एकच नंबर, रोज सकाळी, सात वाजता. खाली खाली बघत गेले, एकही दिवस चुकलेला नाही. मग सेटिंग बघितली आणि कपाळाला हात लावला. ज्याचं नाव फोनमध्ये नाही, त्याचा कॉल वाजूच द्यायचा नाही, अशी एक सोय असते. वर्षाने जाताना ती चालू करून ठेवली होती, भामट्यांसाठी. पोरीचं काही चुकलं नव्हतं. म्हटलं, भाऊ, तुम्ही पगारचं नाव फोनमध्ये टाकलंच नाही?

म्हणाले, नाव कशाला टाकायचं? त्या वेळेला दुसरं कोण करणार?

मी हसायला लागले. सांगितलं, तुमचा पगार रोज रिंग देतोय, हा तुमचा नवा फोनच दाबून ठेवतोय. त्यांना मी यादी दाखवली. चष्मा कपाळावर सारून त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. चेहरा असा उजळला की मला बघवेना. आणि लगेच पडला. कारण यादीत सगळ्यात वरचा कॉल कालचा होता. आजचा नव्हता.

इतके दिवस एकट्याने रिंग देत राहिलेला माणूस आज थांबला होता. कंटाळून थांबला, का थांबावं लागलं? आता मी त्यांचं ऐकलं नाही. दुकानाच्या फोनवरून तो नंबर लावला आणि पूर्ण वाजू दिला. निकमभाऊंनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. एका बाईने उचलला. सून असावी. पगारभाऊ आहेत का, विचारलं.

“आबा तं नाशिकले गयात,” ती म्हणाली. “काय काम शे ते सांगं नही. सातपूरले जास, इतलंच बोलनात.”

सकाळच्या पहिल्या गाडीने निघाले होते, फोन घरीच चार्जिंगला राहिला होता. नाशकात तसं ओळखीचं कोणी नाही, ती काळजीने सांगत होती, कुठे गेले असतील? मी म्हटलं, बघतो आम्ही. फोन ठेवला आणि निकमभाऊंना विचारलं, त्याला तुमचा पत्ता माहीत आहे? नाही म्हणाले. तुम्ही अशोकनगरात राहता, हे तरी? नाही. मग तो सातपूरला येऊन जाणार कुठे?

निकमभाऊंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पहिली पाळी सुटायची वेळ होत आली होती. म्हणाले, “गेटवर.”

मी शटर ओढलं. रिक्षा केली. त्यांच्या कंपनीच्या गेटवर तीच नेहमीची गर्दी, दुसऱ्या पाळीच्या मोटारसायकली आत शिरत होत्या, बसगाड्या उभ्या. गेटच्या बाजूला युनियनचा फळा आहे, काळा. त्याच्याखाली कट्ट्यावर एक वाळलेला माणूस पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. डोक्यावर टोपी, पायात चपला, धुळीने भरलेल्या. निकमभाऊ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्याने वर बघितलं. मिठी नाही, हात हातात नाही, काही नाही. तो नुसता उठला आणि कट्ट्यावर बाजूला सरकून जागा करून दिली. निकमभाऊ बसले.

“चालू आहे,” पगारभाऊ म्हणाले.

“चालू आहे,” निकमभाऊ म्हणाले.

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी पगारभाऊंवरच घसरले. म्हटलं, एवढे सटाण्याला गाडी बदलून, या वयात, उपाशीतापाशी आलात, त्यापेक्षा एकदा फोन पूर्ण का नाही वाजवलात? ते म्हणाले, उचलणारं घरचं कोणी असलं म्हणजे? फोनवर ऐकायला नको होतं ताई. म्हटलं, मग इथे येऊन काय कळणार होतं? त्यांनी मान वर करून फळ्याकडे बोट दाखवलं. त्यावर खडूने नावं लिहिलेली होती. कंपनीतला जुना कामगार गेला की युनियन त्याचं नाव तिथे लिहिते, कैलासवासी म्हणून. आपल्याच डोळ्यांनी वाचावं म्हणून ते आले होते. वाचलं. निकम नाव नव्हतं. मग तरी का बसून राहिलात, विचारलं. म्हणाले, “पाळी सुटायची होती ना.”

नवा फोन, ती सेटिंग, सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना किती कळलं कोण जाणे. म्हणाले, मग जुना काय वाईट होता? निकमभाऊंनी मान हलवली. मी म्हटलं, आता नवाच चालेल, फक्त नाव टाकायला हवं. फोन हातात घेऊन विचारलं, पगारभाऊ, तुमचं पूर्ण नाव काय? निकमभाऊही वळून त्यांच्याकडे बघायला लागले.

“काशिनाथ.”

“काशिनाथ होय,” निकमभाऊ म्हणाले. मग मला म्हणाले, “पगारच टाका.”

भोंगा झाला. पहिल्या पाळीची पोरं बाहेर येऊ लागली, या दोघांना वळसा घालून पुढे जायची, कोणी ओळखीचं नाही. पगारभाऊ पिशवी उचलून उभे राहिले. जातो, म्हणाले, ठक्करबाजारच्या स्टँडवरून सटाण्याची गाडी आहे. मी चाट पडले. अहो, आत्ता तर भेटलात! घरी चला यांच्या, चहा घ्या, चार घास खा, राहा एक दिवस. आहे काय तिकडे एवढं? मला वाटलं, निकमभाऊ तरी आग्रह करतील. पगारभाऊंनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघितलं.

“घरी जाऊन काय बोलणार ताई? आमचं बोलणं एवढंच असतं.”

निकमभाऊ त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेले, सिटीबस येईपर्यंत शेजारी उभे राहिले. दोघांचीही तोंडं रस्त्याकडे. बस आली, पगारभाऊ चढले, बस गेली. परतताना निकमभाऊंनी रिक्षात खिशातला फोन दोनदा बाहेर काढून बघितला. अशोकनगरात उतरताना म्हणाले, बरा आहे हा फोन. जुन्याबद्दल त्यांनी पुढे कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला सातच्या आधीच जाग आली. पडून राहिले. सात वाजले. तिकडे नामपूरला नंबर दाबला गेला असेल, इकडे अशोकनगरात एक रिंग वाजली असेल, मग उलट एक. दोन्ही घरांत आता चहा टाकला असेल. माझा फोन उशाशी होता, बॅटरी भरलेली, रेंज पूर्ण, आवाज मोठा केलेला. तो हातात घेतला आणि आपणही कुणाला तरी एक रिंग द्यावी म्हणून नावं वरपासून बघत गेले. खंडीभर नावं. पण मी गिऱ्हाइकांची नावं त्यांच्या तक्रारीवरून टाकते, लक्षात राहायला सोपं पडतं. आवाज बारीक देवरे. काच फुटली शेख. चार्जिंग नाही अहिरे. पाण्यात पडला कुलकर्णी. शेवटपर्यंत बघून झालं आणि फोन परत उशाशी ठेवला. त्यातल्या कुणालाही एक रिंग दिली असती, तर त्याने लगेच उलटा फोन करून विचारलं असतं, ताई, माझा फोन झाला का?